तिची उजवी पाकळी

आमची बाय कधी कुणाला विचारून शिंकलीसुद्धा नसेल. बाबा गेले तेव्हा त्यांचे खनिज वाहणारे दोन टिपर विकून टाका, असा सल्ला सगळ्या गावाने फुकट दिला. तिने तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सुर्ल्याच्या खाणीवर स्वतः जाऊन उभी राहिली. सिंधुदुर्गातले ड्रायव्हर तिला टरकून असत. मी तिची धाकटी बहीण, मीही टरकून असे, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

मग तो उपटला. हळर्णचा, मोरजीला जमिनींची दलाली करणारा, बोलायला लाघवी आणि उत्तर द्यायला चोर. आमच्या व्हरांड्यात बसून चहात पाव बुडवून खायचा आणि निघून जायचा. शेवटी बायनेच त्याला लग्नाचं विचारलं. तो हसला. "देवान कौल दिल्यार बघया," म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला तेव्हाच वाटलं होतं.

कौल घ्यायचा म्हणजे भटजी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हळर्णच्या देवळात डावी पडली. बाय घरी आली. पुढच्या आठवड्यात दुसरं देऊळ, तिथेही डावी. मग तिसरं. स्कूटर मी चालवायचे. जन्मभर मला मागे बसवणारी बाय आता माझ्यामागे बसून प्रश्न पुटपुटायची. एका म्हाताऱ्या भटजींनी तर पाकळ्या लावायलाच नकार दिला.

"तोच प्रश्न परत परत विचारू नये गो बाये," ते म्हणाले. "देव विसरतलो, पण प्रश्न पाठी लागता."

मला तेव्हा ते भटजींचं नेहमीचं बोलणं वाटलं.

काही दिवसांनी भर दुपारी मी तिच्या खोलीत गेले. पंखा बंद होता. बाय कपाटाच्या आरशासमोर घामाने निथळत उभी होती. आरशावर जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या होत्या, बरोबर आतल्या चेहऱ्याच्या दोन्ही गालांवर. मी हाक मारली.

"हालू नको," ती ओठ न हलवता म्हणाली. "ती हालता."

"कोण?"

तिची नजर आरशावरून हटली नाही. एक पाकळी सरकली आणि खाली पडली. "डावी," मी म्हटलं.

"आमची डावी. तिची उजवी."

मी तिथून पळ काढला. आईला सांगितलं तर ती जास्वंदीचं झाडच तोडून आली. दुसऱ्या दिवशी बाजारातली शेवंती घरात होती. आरशावर चादर घातली तर खिडकीची काच होतीच.

हळूहळू त्याचा प्रश्न मागे पडला आणि बाकीचे आले. टिपर पाठवू की नको, फोन घेऊ की नको, आज मासे खाऊ की नको. ड्रायव्हर दारात ताटकळायचे, बाय "थांब" म्हणून आत जायची. एक टिपर जागच्या जागी उभा राहिला, त्याच्या चाकांत रान वाढलं. बाहेर येणारी बाय दिवसेंदिवस सुकत चालली होती. भास म्हणा हवं तर, पण आरशातली चांगली झोप झाल्यासारखी टवटवीत दिसायची.

एका रविवारी तो आपण होऊन आला. म्हणाला, घरची तयार आहेत, मीही तयार आहे, आता लग्न करून टाकूया. आईने पदराने डोळे टिपले, रागाने की आनंदाने कोण जाणे.

"थांब," बाय म्हणाली आणि आत गेली.

आम्ही तिघं व्हरांड्यात बसून राहिलो. कपातला चहा निवला. ती बाहेर आली आणि म्हणाली, "ना."

तो हसायला लागला, मग हसायचं थांबला, हेल्मेट घेऊन निघून गेला. परत आला नाही.

आईने देवापुढे समई लावली. मी इतकी खूश होते की बायला घट्ट मिठीच मारली. "सुटलंस गो बाय. आता तुका बरा वाटता मा?"

तिने माझ्याकडे बघितलं, अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं, अगदी आदबीने.

"थांब," ती म्हणाली, "विचारून येतंय."