कागदाचा झेंडू

आमच्या तळवड्यात आता थंडी पडते की नाही, हेच कळत नाही. कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेपासून घरघरत असतात, नातवंडं मार्गशीर्षातही पंखा लावून झोपतात, आणि मी शाल घेतली तर "आजी, बरं नाही का?" म्हणून विचारतात. मी थंडीबद्दल बोलायला लागले की एकेक जण उठून जातो. जाऊ देत. मला थंडीचा राग आहे आणि तो मी आता लिहूनच काढणार आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा गावाच्या खालच्या अंगाला, इंद्रायणीच्या काठी, माळ्यांचे तीन मळे एकाला एक लागून होते. एक आमचा. शेजारचा आबांचा. आबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलते, आणि त्यांची बायको ती आक्का. तिसरा मळा एका दांडग्या, हसऱ्या गड्याचा होता. त्याला सगळे पैलवान म्हणत, पण त्याला कुस्ती खेळताना कुणी पाहिलं नव्हतं. माझे सासू-सासरे आधीच वारले होते, त्यामुळे आक्का हीच माझी सासू. तिचं तोंड सासूला शोभेल असंच होतं आणि माझंही काही कमी नव्हतं, म्हणून आमचं छान जमायचं.

तिन्ही मळ्यांत झेंडू असायचा. दसरा-दिवाळीचा तोडा पुण्याच्या मंडईला जायचा, पण मागून लावलेला झेंडू चंपाषष्ठीसाठी राखलेला असे. गावाबाहेर टेकावर खंडोबाचं देऊळ आहे. त्याच्या पालखीला फुलं द्यायचा मान या तीन घरांचा. फूल याच तीन घरांच्या हातचं पाहिजे, बाहेरचं चालत नसे. या मानापायी ही माणसं वर्षभर ताठ मानेनं गावात फिरायची.

सकाळी उन्हं यायच्या आधी विहिरीजवळ शेकोटी पेटायची आणि तिघे पुरुष चहाचे पेले घेऊन तिथे बसायचे. बसायचे म्हणजे हात चालूच असत. कुणी पालखीच्या कमानीसाठी कळकाच्या कामट्या तासतोय, कुणी हारांसाठी दोरा वळतोय. आणि तोंडं तर त्याहून जोरात चालत.

"परीट आला का रं?" आबा विचारायचे. परीट म्हणजे पाटाच्या कडेनं शेपटी हलवत पळणारा तो काळा-पांढरा पक्षी. तो दिसला की थंडी आली, असं आबांचं पंचांग होतं.

"परीट कशाला पायजे आबा?" पैलवान म्हणायचा. "पिंपरीचा भोंगा ऐका की. आज हितं कानात वाजला."

पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. एरवी त्यांचा भोंगा आमच्यापर्यंत पोचत नसे. हवा गार होऊन जागच्या जागी थांबली, की मात्र तो मळ्यात उभं राहून ऐकू येई. भोंगा जितका स्पष्ट, तितकी पहाट कडक.

"अन् साळिंदरानं माझी रताळी उकरली," माझा नवरा म्हणायचा.

"मोकळं न्हाई गेलं त्ये. चार काटं टाकून गेलंय, आक्काला आंबाड्यात खोचायला," पैलवान म्हणायचा, आणि आक्का आतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी पोटावर हात ठेवून हसायची. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी मला दिवस गेले होते.

आधीचं एक मूल माझ्या पोटातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला मी पाण्याचा हंडासुद्धा उचलत नव्हते. पण जपून काय होतं? तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी मला कळा सुरू झाल्या, सातव्याच महिन्यात. आक्कानं बाळंतपण केलं. मुलगी झाली. रडली ती इतकी बारीक, की बाहेर बसलेल्या नवऱ्याला ऐकूच आलं नाही.

चिंचवडाहून डॉक्टरांना छकड्यात घालून आणलं. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. म्हणाले, "छाती कच्ची आहे. पुण्याला न्यायची म्हटली तर वाटेतच गार पडेल. इथेच ऊब द्या. महिनाभर तगली तर तगली." भला माणूस होता, खोटं बोलला नाही. पण मला त्या वेळी त्याचं तोंड बघावंसं वाटेना.

आक्कानं फुलं तोडायची पाटी घेतली, तिच्यात सावरीचा कापूस भरला आणि त्यात पोरीला ठेवलं. दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून. अंगावर ओढायचं बळ तिच्यात नव्हतं. मी दूध काढायची आणि कापसाची वात बुडवून थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडायची. बारसं लांबवलं. "चंपाषष्ठी होऊ दे, जरा बाळसं धरू दे, मग नाव ठेवू. कच्च्या जिवाचं नाव घेऊ न्हाई," आक्का म्हणाली. मी फक्त तिचा श्वास ऐकत होते. जेवताना, वात बुडवताना, डोळा लागला तरी ऐकत होते. तो मधेच थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. असे दिवस काढणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मार्गशीर्ष लागला, देवाचे घट बसले, आणि थंडीनं उचल खाल्ली. परीट तर दिवाळीतच आला होता. बाहेरच्या गप्पा मला भिंतीआडून ऐकू यायच्या, पण आता त्यात हसू नव्हतं. झेंडूवर हिव पडायची लक्षणं होती. झेंडू फार नाजूक. दव गोठलं की एका पहाटेत संपतो. त्यावर माळ्यांचा उपाय एकच, धुरी. पहाटे बांधाबांधाने ओला पाला आणि भुसकट पेटवायचं, म्हणजे धूर वर न जाता मळ्यावर पसरून राहतो आणि त्याच्याखाली फूल वाचतं.

आमचं घर मळ्याच्या कडेला, सखल जागी. धूर झेंडूवर पसरला तसा घरातही आला.

मला आधी वास आला, मग डोळे चुरचुरले, मग पाटीत बघितलं तर पोर काळीनिळी. तोंड उघडं आणि आवाज नाही. मी तिला उचलून पदराखाली घेतलं, आक्कानं तिची पाठ चोळली, मी तिच्या तोंडात माझा श्वास फुंकला. किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदाची ती खोकली. खोकली म्हणजे काय, चिमणीनं टोचावं तेवढा आवाज. आक्कानं दाराला गोधडी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, तरी धूर येतच राहिला.

मी पोर आक्काच्या मांडीवर दिली आणि तशीच अनवाणी बाहेर गेले. ओली बाळंतीण, महिन्याचं सोयर अजून न फिटलेली, तीन पुरुषांसमोर.

"इझवा त्ये!" मी ओरडले. "माझी पोर मरतीया अन् तुमी फुलं शेकत बसलाय! जळून जाऊ दे तुमचा झेंडू!"

माझा नवरा हातात काठी घेऊन उभा होता. पैलवान खाली बघत होता. आबांनी डेऱ्यातलं पाणी जवळच्या आगटीवर ओतलं आणि बाकी दोघांना पुढच्या बांधांवरच्या विझवायला पिटाळलं. आज विचारलंत तर मी पुन्हा तशीच ओरडेन. त्या दिवशी उन्हं लवकर चढली आणि झेंडू कसाबसा निभावला.

पण संध्याकाळी आभाळ लख्ख झालं, वारा पडला, आणि दिवेलागणीला पिंपरीचा भोंगा असा वाजला की जणू विहिरीपाशीच कुणी वाजवतोय. मग बाहेरून आबांचा आवाज आला, "उद्याच्याला हिव पडणार."

मला कळून चुकलं की आता हे पेटवणार. कसे नाही पेटवणार? देवाचा मान, वर्षाचा मळा, गावाची नजर. पोरीला गावात वर न्यावं म्हटलं तर तिला त्या गारठ्यातून नेणार कशी? मी नवऱ्याला म्हणाले, "तुमी तरी सांगा त्येंना." तो उठून बाहेर जाऊन बसला. मला त्याचा इतका संताप आला की पाटी समोर नसती तर मी काहीतरी फेकून मारलं असतं.

पहाटे मी पाटीवर ओलं फडकं धरून बसले होते आणि धुराच्या वासाची वाट बघत होते. भोंगा झाला. कोंबडा आरवला. खिडकीची फट पांढरी झाली. वास आला नाही. पोरीचा श्वास चालू होता, बारीक, पण सलग.

उजाडल्यावर मी दार किलकिलं केलं. तिन्ही मळे जिथल्या तिथे होते. फुलांवर पांढरं काहीतरी चमकत होतं आणि क्षणभर मला वाटलं, वाचला झेंडू. मग ऊन त्याच्यावर आलं. जसजसं ऊन सरकलं, तसतशी रांगेमागून रांग काळी पडत गेली. दुपारपर्यंत उभी रोपं उकडलेल्या भाजीसारखी लोळली.

तिघे विहिरीपाशी नव्हते. त्यांनी शेकोटीसुद्धा लांब नदीच्या कडेला नेली होती, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. यंदा परीट लवकर आला. पलीकडे कोल्ही फार ओरडतायत. साळिंदर पुन्हा येऊन गेलं. मळ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि घराकडेही नाही.

"कुणी ठरवलं?" मी आक्काला विचारलं.

"कुणी ठरवलं न्हाई," ती बाटल्यांत गरम पाणी भरत म्हणाली. "कुणी काडीच वढली न्हाई."

चंपाषष्ठी तोंडावर आली होती. आळंदीकडून झेंडू मिळाला असता, पण बाहेरचं फूल पालखीला चालत नव्हतं. पैलवाननं दिवाळीत आकाशकंदील केले होते. त्यातला उरलेला पतंगी कागद त्याच्या आढ्याला खोचलेला होता. तो आक्कानं मागून घेतला. पिवळा थोडाच होता, म्हणून पांढरा हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळवला.

"देवाला कागद?" आबा म्हणाले.

"हातचंच हाय की," आक्का म्हणाली. "हात तर याच तीन घरांचं हायती न्हवं?"

मग तिनं कात्री माझ्यापुढे ठेवली. मी मागे सरकले. सोयरातल्या बाईनं देवाच्या फुलाला हात लावायचा नसतो. आक्का वैतागून म्हणाली, "फुलाला सोयर असतंय. कागदाला कसलं आलंय? कर मुकाट्यानं."

माळ्यांच्या घरात पहिल्यांदाच कागदाची फुलं झाली. कागदाची लांब पट्टी घ्यायची, एका कडेनं बारीक बारीक कातरायची, कामटीच्या तुकड्याभोवती गुंडाळायची, खाली दोरा आवळायचा आणि पाकळ्या फुलवायच्या. शेकोटीवर तिघे पुरुष तेच करत होते. पैलवानच्या राकट बोटांत कागद सारखा फाटायचा आणि आबा त्याला "रेड्या" म्हणायचे. आत मी एका हातानं वात बुडवत होते आणि मधल्या वेळात फुलं करत होते. पिवळे कपटे पाटीत पडायचे. एकदा मी ते काढायला हात घातला तर पोरीनं माझं बोट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं, ही तगणार.

पालखी निघाली तेव्हा मी दारात उभी होते. येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला आणि कागदाचा झेंडू उन्हात पिवळाजर्द दिसला. पण गावात बोलणारे बोललेच. "माळ्यांनी देवाला कागद वाहिला." तिघेही मान खाली न घालता पालखीबरोबर चालत गेले. का, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

नंतर थंडी ओसरली. छान, कोवळं ऊन पडलं होतं. हवेत धूर नव्हता, गारठा नव्हता, काहीच कारण नव्हतं. पाटी उन्हात ठेवून मी वात बुडवली, तिच्या ओठाला लावली, आणि दूध ओठावरच राहिलं.

मी किती आणि काय काय बोलले, देवाला, डॉक्टरांना, नवऱ्याला, ते लिहिण्यासारखं नाही. तिला नदीच्या वरच्या अंगाला पुरलं. आक्कानं तिच्याबरोबर मी केलेल्या फुलांतली काही ठेवली, कारण मळ्यात दुसरं फूलच नव्हतं.

पुढे एकदा आबा काळा झेंडू उपटत होते. मी जाऊन त्यांच्या बाजूला बसले आणि उपटू लागले. उपटता उपटता मला राहवेना. म्हणाले, "आबा, तुमचा समदा मळा फुकट गेला."

आबांनी हातातलं रोप झटकलं. "फुकट कसा? जेवढं दिस व्हती, तेवढं दिस पोरीनं चांगल्या हवेत श्वास घेतला." मग ते पलीकडच्या सरीत उपटणाऱ्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "परीट गेला वाटतं रं. दोन दिस दिसंना."

तिचं बारसं राहूनच गेलं. म्हणून इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, आबांचं नाही, आक्काचं नाही, नवऱ्याचं नाही. एवढ्या माणसांत ती एकटीच बिननावाची राहायला नको.