दूरच्या दिव्याभोवतीचं वलय

बुधवार पेठेत बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. "दिव्याभोवती वलय दिसतं," अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की ते मान वर न करता विचारतात, "एकाच दिव्याभोवती, की सगळ्याच?" काच खराब असू शकते हे त्यांनी गिऱ्हाइकासमोर कबूल केलेलं मला तरी आठवत नाही. "काच चोख आहे. पुसत जा," एवढंच.

मी पीएचडीसाठी मुद्दाम वलयच शोधत होते. दीर्घिकांमधल्या रिकाम्या जागेत चुंबकीय क्षेत्र आहे का, हे बघायला तिथे होकायंत्र कोण नेणार? म्हणून गॅमा किरण. दूरच्या दीर्घिकेतून निघालेले काही किरण वाटेतच मोडतात, त्यांतून विद्युतभारित कण जन्मतात, आणि ते कण पुन्हा कमी ऊर्जेचे गॅमा किरण पाठवतात. मधे चुंबकीय क्षेत्र असेल तर कण वळतात, आणि मूळ ठिपक्याभोवती फिकट वलय दिसायला हवं.

तीन वर्षं काही दिसलं नाही. मग एका दुपारी वारज्याच्या घरी, दुर्बिणीची मोजमापं चाळताना ते दिसलं. मी हुरळून गेले. मार्गदर्शक मॅडमना कळवलं, आणि बाबांनाही. माझ्या पोटात काही राहत नाही, बाबांच्या त्याहून नाही. लेकीनं आकाशातला लोहचुंबक पकडला, हे आठवडाभर दुकानात येईल त्याला ऐकावं लागलं. मॅडम शोधनिबंध पाठवायच्या तयारीत होत्या. माझी पदवी त्या वलयावरच टांगलेली होती.

रविवारी जेवताना बाबांनी सहज विचारलं, "एकाच दिव्याभोवती दिसलं ना?"

मी दुसरा दिवा बघितलाच नव्हता. ताटावरून उठून आपल्याच आकाशगंगेतला एक जवळचा स्रोत तपासला. तिथे वलय असायचं काही कारणच नव्हतं, आणि तिथेही ते हुबेहूब होतं. दुर्बिणीचा स्वतःचा धूसरपणा वजा करताना मी त्याच्या जुन्या मापाची फाइल वापरली होती. चष्मेवाल्याची मुलगी असून. मला रडू आलं.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "क्षेत्र नसतंच, तर कणांनी पाठवलेला तो प्रकाश सरळ ठिपक्यातच आला असता. तिथेही तो नाहीये. मग गेला कुठे? क्षेत्रानंच दिसेनासा होईल इतका पसरवला? ते लिही." डोळे पुसता पुसता मीही तोच विचार करायला लागले होते.

दुकानात जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते हातातला चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं. "अहो, लेकीच्या लोहचुंबकाचं काय झालं?"

"वलय खोटं निघालं," बाबा म्हणाले. "काच आमची खराब होती."