आयाळ नसलेला सिंह

एदेलमिरा बार्रिया म्हणजे आमच्या खोऱ्यातली सगळ्यात खमकी बाई. मुलगी दूर शहरात मासळीच्या कारखान्यात कामाला, म्हणून तिच्या दोन पोरी हीच सांभाळते. थोरली यास्ना नऊची, धाकटी नायादेत सहाची. शाळा नदीपलीकडे आणि पुलाचा पत्ता नाही. तारेवरून सरकणारा लाकडी पाळणा आहे, आत बसून दोर ओढायचा. त्यात एक मोठं माणूस आणि एक पोर, बस्स. तिसरं बसलं की चाक अडकलंच.

सिंहाचा धडा तिनं पोरींकडून घोटून घेतलेला.

"सिंह दिसला की?"

"पळायचं नाही, वाकायचं नाही! हात वर करायचे, बोंबलायचं!"

मी शेजारचा म्हातारा हसलो की मला झापायची, "बेलार्मिनोभाऊ, दात काय काढता?"

मंगळवारी तिनं नायादेतला पलीकडे नेऊन धोंड्यावर बसवलं आणि यास्नाला आणायला परत निघाली. नदीच्या मधोमध मागं वळून बघते तर काय, पोरीच्या पाठीमागं दहा पावलांवर तो उभा!

"सिंह! नायादेत, सिंह!" तिनं गळा फाडला.

पोरीनं ऐकलं, वळून बघितलं, आणि चक्क खाली वाकून, हातातला पाव पुढं करून त्याला चुचकारायला लागली.

आम्ही प्यूमाला, डोंगरातल्या त्या भल्यामोठ्या रानमांजराला, बापजाद्यांपासून सिंहच म्हणतो. शाळेच्या भिंतीवर मात्र राजधानीतून आलेल्या बाईंनी भल्यामोठ्या आयाळीचा सिंह लावलाय. पोरीनं तोच खरा धरला. याला आयाळ नाही, म्हणजे हे मांजर! आम्हा गाढवांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

एदेलमिरानं पाळणा उलटा फिरवला. हाताची सालं निघाली, पण दोर काही लवकर सरेना. सिंहानं पावाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि आपला निघून गेला. त्याची मर्जी, म्हणून पोर वाचली. आजीनं काही केलं नाही, तिला करताच आलं नाही.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, हाताला फडकी बांधलेली.

"उद्या आधी कुणाला नेऊ हो? जिला नेईन ती तिकडं एकटी, जिला ठेवीन ती इकडं एकटी."

"इकडं मी बसतो सोबतीला," मी म्हणालो. माझ्या खुब्यात लोखंड घातलंय, पाळण्यात चढता येत नाही.

"आणि पलीकडं?"

"शाळाच बंद कर."

"म्हणजे यांनीही जन्मभर मासळीच कापायची?"

मी खुब्यावर मूठ आपटली. स्वतःची चीड आली, दुसरं काय!

यास्ना दारातच उभी होती. "आजी, आधी मला ने. तू नायादेतला घेऊन येईपर्यंत मी तिकडं थांबते. मला ओळखू येतो तो."

नऊ वर्षांची पोर! नको म्हणायला मी तोंड उघडलं, एदेलमिरानंही उघडलं. पण दुसरी वाट होती कुठं? मग तिनं यास्नाला जवळ ओढलं आणि आम्ही दोघंही म्हणालो, "शहाणी गं बाई!"