शेवटचा पाय

रत्नागिरी ते लांजा या रस्त्यावर बेल कशी मारावी हे कळलेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो कंडक्टर नाहीच. तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली साडेचार फुटी मुलगी आहे. आम्ही बाकीचे नुसती दोरी ओढत होतो. मी तर बावीस वर्षं ओढली. तिचं नाव लिहायचं नाही, असं तिनेच मला बजावलं आहे. "काम सात जणांनी केलं काका, नाव माझं एकटीचं कशाला?" असं म्हणते. पण त्या सात जणांना विचारा. हात वर करून ते तिच्याकडेच बोट दाखवतील.

प्रवाशांच्या सुरक्षेसाठी कॉलेजचे सात स्वयंसेवक गाड्यांवर येणार, हे कळलं तेव्हा आम्ही डेपोत खूप हसलो होतो. साहेबांनी दोन महिन्यांची परवानगी दिली होती; उपयोग दिसला तर पुढे, नाहीतर राम राम. ती आमच्या सातच्या लांजा गाडीवर आली. गळ्यात हिरवा पट्टा, हातात खडू. नमस्कार करायच्याही आधी तिने प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत सावंत ड्रायव्हरची चुन्याची डबी, एक कंगवा आणि कापसाचा काळा पडलेला बोळा. "ड्रायव्हरकाका," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "जखमेला आधी चुना लावायचा की आधी भांग पाडायचा?" सावंतने डबी खिशात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी घरून बँडेजचा गुंडाळा घेऊन आला.

मग तिची नजर संकटकाळच्या दारावर गेली. ते इतकं गंजलेलं होतं की संकटानेच बाहेरून ढकललं असतं तरच उघडलं असतं. डेपोतल्या मेकॅनिकच्या मागे लागून तिने ते मोकळं करून घेतलं, आणि रोज गाडी सुटण्याआधी एकेका प्रवाशाला त्यातून उतरवायला सुरुवात केली. पहिला मान तिने पालीच्या बँकेत जाणाऱ्या एका भारदस्त साहेबांना दिला. "तुम्ही निघालात की समजायचं, सगळी गाडी निघेल." साहेब भयंकर रागावले. पण तिसऱ्या दिवशी ते बूट बदलून, पँट जरा वर खोचून आले आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा लवकर उतरतो की नाही बघ!" गाडीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तिकिटं काढायची सोडून!

पण तिचा खरा शोध म्हणजे ती आरोळी. बाप होडीवर, आई लिलावात मासे पुकारणारी, आवाज घरचाच. डबल बेल मारण्याआधी ती दारातून ओरडायची, "शेवटचा पाय?" आणि मी वाकून दाराकडे बघून म्हणायचं, "आत!" मगच बेल. आठवडाभरात माझ्याऐवजी सगळी गाडीच "आत!" म्हणू लागली. हातखंब्याच्या टपरीवाल्याने मला एकदा विचारलं, "मास्तर, सकाळच्या गाडीत भजनी मंडळ घेतलंत काय हो?"

एवढं सगळं छान चाललं होतं, आणि तिने वही काढली. ड्रायव्हर-कंडक्टरांनी आपापल्या चुका त्या वहीत लिहायच्या, म्हणजे त्यावरून नवे नियम करता येतील. तीच वही दोन महिन्यांनी डेपोच्या साहेबांपुढे जायची होती. लिहिलं सगळ्यांनी. सावंतने मोटारसायकलवाल्यांवर दोन पानं लिहिली, दुसऱ्या एकाने खड्ड्यांवर. शेवटचे चार दिवस राहिले तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "काका, यात सगळ्या जगाच्या चुका आहेत. लिहिणाऱ्याची एकपण नाही. हे दाखवलं तर साहेब उद्याच बंद करतील."

माझ्याकडे एक चूक होती. बारा वर्षं होती. आमच्याकडे मासे विकणारी बाई गाडीत चढताना आधी डोक्यावरची पाटी कंडक्टरच्या हातात देते, मग स्वतः चढते. पाटी घेतली की आमचा हात आपोआप दोरीकडे जातो; पाटी आत म्हणजे बाई आत. त्या दिवशी पाटी आत होती आणि बाईचा एक पाय जमिनीवर होता. ती पडली, पाय मोडला. रिपोर्टात मी लिहिलं, 'प्रवासी घाईने चढताना पडली.' तिनेही मान डोलावली, म्हणाली, "माजीच घाई झाली असंल." त्यानंतर तिची गावोगावची फिरती सुटली, ती मासळीबाजाराच्या गल्लीत एका जागी बसू लागली. आणि तेव्हापासून आमच्या घरी मासे बायको आणते. मी त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही.

मी वही घेतली आणि हे सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. मुलीने वाचलं. 'असू दे काका' वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "पाटी आत म्हणजे बाई आत, हे तुम्ही एकटेच धरता?"

"सगळेच धरतात गो बाय."

ती ताडकन उठली. "मग आधी बाई, मग पाटी! काका, नियम झाला हा!" आणि धावत्या गाडीत तिने दाराच्या पत्र्यावर खडूने तो लिहूनही टाकला. माझं पान वाचून सावंतने मोटारसायकलवाल्यांवर काट मारली आणि स्वतःच्या डुलकीबद्दल लिहिलं. मग एकेक जण लिहीत गेला. साहेबांनी वही वाचली आणि परवानगी वाढवली. डेपोत काय आरडाओरडा झाला म्हणता!

त्या गोंधळात ती माझ्या कानाशी आली. "वहीत लिहिलंत. त्या मासेवालीला कधी सांगणार?"

मी त्या गल्लीत गेलो. म्हातारी सुरमई कापत होती. सगळं सांगितलं, अगदी रिपोर्टातल्या वाक्यापर्यंत. तिची सुरी थांबली. आता ती उचलून मारणार, असं मला वाटलं, आणि मारली असती तरी चाललं असतं. "म्हंजे माजी घाई नव्हती?" तिने विचारलं.

"नव्हती."

"बारा वर्सं सून मला टोचते, 'आत्याबाय, तुमची घाईच तुम्हाला नडली' म्हनून. थांब मेल्या, जाऊ नको. तिला बोलावते. तिच्यासमोर परत सांग."

मी परत सांगितलं. सुनेसमोर, मग शेजारणीसमोर, मग बर्फवाल्यासमोर. चौथ्या वेळी म्हातारीबरोबर मीही हसत होतो, आणि माझे डोळे मात्र वाहत होते.

यंदा त्या मुलीचं शिक्षण संपलं. नोकरीसाठी ती बाहेरगावी जाणार. शेवटच्या दिवशी हातखंब्याला उतरली, हिरवा पट्टा माझ्या हातात ठेवला आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेली. मी दारात उभा राहून विचारलं, "शेवटचा पाय?" गाडीभर माणसं होती, पण कोणीच उत्तर देईना. सगळे खिडकीतून बाहेर बघत होते. मग बँकेतले साहेब हळूच म्हणाले, "आत आहे म्हणा, मास्तर."

मी तरीही एकदा वाकून बघितलं. मगच बेल मारली.