सुलोचनाबाईंची गादी

मोठ्या बाई कुणालाच नावाने हाक मारत नसत. माणसात जे उणं असेल तेच त्यांच्या तोंडी त्याचं नाव व्हायचं. किराणावाला बोबड्या, पोस्टमन लंगड्या, शेजारची नवी सून काळी. मी डाव्या हाताने लिहायचो म्हणून डावऱ्या, तो माझे केस पिकले तरी डावऱ्याच. अख्ख्या पांढरकवड्यात बाई अहो-जाहो करत त्या फक्त आपल्या मांजरीला. "सुलोचनाबाई, दूध घेता ना?" असं अदबीने विचारायच्या. घरातल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मात्र नुसतं "ए". गल्ली त्या बहिणीला लहानी म्हणायची. लहानी साठीच्या पुढे गेली होती.

बाई आमच्या मुख्याध्यापिका. "दिसेल ते लिही, मनचं घालू नकोस," हा त्यांचा एकच धडा. मी निबंधात गाय आपली माता आहे असं लिहिलं तेव्हा म्हणाल्या, "तुझी माता घरी पोळ्या लाटते आहे. गाईच्या कपाळावर काय आहे ते बघून ये." फळ्यावर चुकलेलं त्या स्वतः पुसायच्या, आणि पुसताना फळ्याकडे नाही, चुकलेल्या पोराकडे बघायच्या. पण रोजचा सुविचार लिहायला खडू माझ्याच हातात देत. "हात उलटा आहे, अक्षर सुलट आहे," एवढं म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर मी पेंटर झालो, खोटं कशाला बोलू? बाई गेल्या, तरी चित्राला बसलो की त्यांचा आवाज कानाशी असतो.

बाईंनी लग्न केलं नाही. लहानीचं झालं, आणि वर्षाच्या आत नवऱ्याने तिला परत आणून सोडलं. बाईंनी तिला ठेवून घेतलं आणि त्या दिवशीच तिच्या लग्नाचे फोटो चुलीत घातले. "नापास झालेला पेपर कोणी फ्रेम करतं का?" असं म्हणाल्या. त्यानंतर घरात कुणाचा फोटो निघायचा असला की लहानीला चहा टाकायला आत पाठवायचे. साय सुलोचनाबाईंची, खालची खरवड लहानीची. आधारकार्डावर तिचा एक फोटो होता, पण तो पाहून ती स्वतःच विचारायची, "ही कोण व माय?"

सुलोचनाबाई म्हाताऱ्या झाल्या, यवतमाळच्या जनावरांच्या डॉक्टरने किडनीचं सांगितलं, तेव्हा मांजरीचं चित्र काढून ठेवायला बाईंनी मला बोलावून घेतलं. फ्लेक्स आल्यापासून माझ्या पाट्या बंद पडल्या होत्या. हायवेवरच्या ट्रकची पाठ रंगवायची आणि कुणी वारलं की तेरवीसाठी त्याचं चित्र काढायचं, एवढंच उरलं होतं. बाईंना ते माहीत होतं. "मेलेले तर हलत नाहीत, डावऱ्या. जितीचं जमेल का?" मी मोबाइलवर फोटो काढून त्यावरून करतो म्हणालो, तर भडकल्या. "मोबाइलचं उष्टं मला नको. समोर बसव आणि दिसेल ते काढ."

बसवणार कसं? खुर्चीत ठेवलं की मांजर खाली. बाईंनी मांडीवर घेतलं तर त्यांच्या मनगटावर नखं ओढून पळालं, ते थेट स्वयंपाकघरात लहानीच्या पायाशी. शेवटी बाईच चिडून ओरडल्या, "ए, तू बस घेऊन. नुसतं धरायचं आहे, अक्कल लागत नाही."

लहानी ओसरीवरच्या खुर्चीत आली. हिरवं लुगडं, त्याला लाल काठ. "मले कायले बसवता बापा, भाजी लागन खाली," असं म्हणत टेकली, आणि मांजर तिच्या मांडीत अंगाचं वेटोळं करून झोपलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर लहानीने तोंडाला पावडर लावलेली. बाई बँकेत गेल्या होत्या.

"माह्यं तोंड येऊन राह्यलं का त्याच्यात?"

"येऊन राह्यलं."

"नाकावरचा चट्टा दिसते?"

"दिसतो. नको असला तर सोडून देतो."

"नाही नाही, काढ. नाही तं लोक म्हणतीन, दुसरीच कोणी हाय."

मी काढला. चट्टा काढला, पावडर काढली, पदराआडचं हसू काढलं. लहानी उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि वाकून वाकून पाहू लागली. मग म्हणाली, "अशी दिसतो का मी? बरी दिसतो की." लग्नाचे फोटो जळाल्यानंतर तिचा धड निघालेला हा पहिला फोटो. रंगाने काढलेला असला तरी ती त्याला फोटोच म्हणत होती. मी तेरवीची इतकी चित्रं केली, पण एकाही गिऱ्हाइकाने आपलं तोंड असं पाहिलं नव्हतं. मला खूप आनंद झाला.

बाई परत आल्या. चष्मा पुसून त्यांनी चित्र पाहिलं. "ही कशाला इथे?"

"तुम्हीच म्हणालात, दिसेल ते काढ."

"मांजर सांगितलं होतं. पूस हिला."

मी ब्रश खाली ठेवला. नाही पुसणार म्हणालो. बाईंनी वाद घातला नाही. माझं टर्पेंटाइनचं फडकं उचललं आणि फळा पुसावा तसा लहानीचा चेहरा पुसला. ओला तैलरंग, एका हातात निघाला. पुसताना त्या चित्राकडे बघत नव्हत्या. लहानी पुन्हा समोर मांजर घेऊन बसली होती, तिच्याकडे बघत होत्या. मग खांदे पुसले, हात पुसले. मांजराखालची मांडी तेवढी राहिली, कारण तिला हात लावला असता तर सुलोचनाबाईंच्या पोटाचा रंग निघाला असता. "ते राहू दे. गादी म्हणून चालून जाईल," बाई म्हणाल्या, आणि फडकं लहानीच्या अंगावर टाकलं. "हे धुऊन आण."

लहानी उठली. मांजर हलकेच खाली ठेवलं आणि मोरीवर जाऊन फडकं धुतलं. साबण लावून, दगडावर घासून, चांगलं धुतलं. वाळत घालताना मला म्हणाली, "काही नाही, भाऊ. मांडी तं हाय ना." 

त्या हिवाळ्यात लहानीच्या छातीत कफ भरला आणि ती गेली. तेरवीला फोटो हवा म्हणून लांबच्या एका भाच्याने आधारकार्डाची झेरॉक्स मोठी करून आणली; मला कुणी चित्र सांगितलं नाही. त्यात नाक, डोळे, चट्टा काही कळत नव्हतं. नुसता काळा धब्बा. त्यालाच हार घातला. बाजूच्या भिंतीवर सुलोचनाबाई सोनेरी फ्रेममध्ये हिरव्या गादीवर निवांत झोपल्या होत्या. खऱ्या सुलोचनाबाई मात्र घरभर फिरून ओरडत होत्या.

पुढे महिनाभराने बाईंचा निरोप आला, रंग घेऊन ये. मी गेलो. जन्मभर पांढऱ्या सुती पातळाशिवाय काही न नेसलेल्या बाई लहानीचं ते हिरवं लुगडं नेसून ओसरीवर त्याच खुर्चीत बसल्या होत्या. चित्र समोर उतरवून ठेवलं होतं.

"गादीच्या वर मला काढ," बाई म्हणाल्या. "फक्त वरचं काढायचं. खालचं तयारच आहे."

मी रंग काढले, ब्रश धुतला, मांडी घालून बसलो.

"काढ ना. वाट कसली बघतोस?"

"मांजराची. बाई, मी दिसेल तेच काढतो. मनचं घालत नाही."

बाईंनी आपल्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं. त्यांना कळलं. मला वाटलं, आता डावऱ्या म्हणून शिवी हासडतील, हाकलून देतील. पण त्यांनी लुगडं मांडीवर नीट केलं आणि हाक मारली, "सुलोचनाबाई, या." आतून मांजर आलं. लुगड्याचा लाल काठ हुंगला. तोंड वर करून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वळून पुन्हा स्वयंपाकघरात गेलं.

"या हो," बाई म्हणाल्या. "या ना."

मी ब्रश हातात धरून बसून राहिलो. ऊन ओसरीवरून उतरलं, रंगावर साय धरली. सुलोचनाबाई काही आल्या नाहीत.