ऊसतोड्यांची हजेरी

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात हुकूम आला: कारखान्यांवरून परतलेल्या ऊसतोड कामगारांना चौदा दिवस गावात घेऊ नका. अंबड तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांत बेचाळीस माणसं कोंबली गेली. प्रमुख कोण, तर मी, शाळेचा मास्तर. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ‘सर्व हजर’ असा अहवाल मागायला मात्र साहेब लोक विसरत नसत.

पाण्याचा टँकर मंजूर होता, कागदावर. शाळेचा बोअर कधीच आटला होता, संडासाला कुलूप घालावं लागलं. पिण्यापुरत्या चार घागरी तेवढ्या गावातून यायच्या. मी फोन केला की तहसीलमधला बाबू म्हणायचा, “करून राह्यलो ना सर, इतकी जल्दी काहून करता?” उन्हात लेकरं घेऊन बसलेल्या बायांना कसली जल्दी, हे त्याला काय कपाळ सांगणार!

मास्तराची खोड जात नाही. कुणी सांगितलं नसताना मी एका वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि रोज सकाळी हजेरी घेऊ लागलो. लोक हसायचे. नवऱ्याबरोबर ऊस तोडणारी एक बाई तर सगळ्यांत मोठ्याने ‘हजर गुरुजी’ म्हणायची. मलाही बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी तिच्या पोरीला जुलाब लागले. धुवायलाही पाणी नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी चौदा माणसं जागेवर नव्हती. ती बाई पुढे आणि बाकीचे मागे, रिकाम्या घागरी घेऊन सगळे पायी तहसीलवर गेले होते. मी सवयीने त्यांच्या नावांपुढे लाल शाईने गैरहजेरी मांडली.

तिथे ते नुसते दारात बसले. पाणी मिळालंच नाही, रोग पसरवल्याचा गुन्हा तेवढा मिळाला. पोलीस शाळेत आले, टेबलावरची वही उघडली आणि चौदा नावं उतरवून घेतली. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गाड्यांची रांग लागली होती, मास्क एकाच्याही तोंडाला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी! आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यात माझा स्वतःवरचा रागही आलाच.

गाव पेटलं ते तिथून. ऊसतोड्यांना पाहून नाकं मुरडणारेही रस्ता अडवून बसले. पुढे निवडणुकीत सत्तेतल्या पक्षाची प्रचाराची गाडी लोकांनी शिवेवरूनच परत पाठवली. वर म्हणे, विरोधकांनी भडकवलं. अरे, वेळेवर टँकर आला असता तर कुणाच्या बापाला भडकवता आलं असतं?

त्याच वर्षी दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या. त्या बाईला अंबडच्या कोर्टाच्या तारखा लागलेल्या. मुकादमाने तिला न् नवऱ्याला वगळून दुसरं जोडपं घेतलं. हंगाम गेला म्हणजे वर्षच गेलं. ती पोरीला घेऊन शाळेत आली तेव्हा मी हात जोडले.

“ताई, माझ्यामुळं झालं हे.”

“न्हाई गुरुजी, तुमी बराबर लिवलं. आमी न्हवतोच तिथं.” ती पायरीवर टेकली. “पण टँकर तरी सहा दिस आल्ता का? त्याची गैरहजेरी काहून न्हाई लिवली?”