शिंप्याचा प्रायश्चित्तकाळ

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ लागला की शिंपी चहा सोडायचा आणि सोडल्याची दवंडी पिटायचा. पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये कपाळाला लागलेली राख तो दिवसभर पुसत नसे; माप द्यायला आलेल्याने आधी ती पाहायची, मग त्याचं सुकलेलं तोंड. धाकटा भाऊ त्याच दुकानात त्याच्याकडे पाठ करून शिवायला बसे. बाप गेल्यापासून दोघांत अबोला. कात्री मात्र एकच. ती एकाने मधल्या टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्याने मुकाट्याने उचलायची.

यंदा बायकोने सुनावलं, "चहाने तुमचं काय घोडं मारलंय? सोडायचाच तर भावजींशी धरलेला अबोला सोडा."

शिंप्याला ते झोंबलं. चहा सोडला की चार लोक कौतुक तरी करत. इथे आपणच नमतं घ्यायचं. तरी देवाला भिऊन त्याने मनाचा हिय्या केला. सकाळी दुकानात येऊन त्याने घसा खाकरला. भावाची पाठ हातभर अंतरावर होती. शिंपी पॅन्ट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"त्याला सांगा," तो म्हणाला, "आजपासून मी त्याच्याशी बोलतोय."